एक नंबर, एक माणूस

शैला कांबळेला एक खोड जडली होती, दिसेल त्याचा चौकोन काढायची. दादरच्या क्लासमध्ये सरोजिनी टीचरनी शिकवलं होतं: कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी कागद घ्या. प्रत्येक गोष्टीचा चौकोन काढा, दोन चौकोनांमध्ये रेघ ओढा आणि त्या रेघेला विचारा, एकाला एक, की एकाला अनेक? कागदावर चुकलं तर खोडता येतं. पुढे चुकलं तर माणसं भरडली जातात.

गिरण्यांच्या संपानंतर सहा वर्षांनी लालबागच्या एका कामगार समितीने तिला यादीचं काम दिलं. देशोधडीला लागलेल्यांपैकी ज्याचं नाव यादीत लागेल, तोच गिरणी कामगार धरला जाणार होता. शैला चाळीचाळीतून हिंडली.

"गिरणीच्या एका तिकीट नंबरावर एकच माणूस ना?"

"मग काय दोन असतील? कायपण विचारतेस!"

तिने रेघ ओढली: एक नंबर, एक माणूस, एक नाव. सगळं गिरणगाव विचारून झालं; नायगावच्या खोलीत दाराशी बसलेल्या वडिलांना विचारायचं तेवढं राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण संप फसल्यापासून कोंडीराम घरात बोलतच नव्हते, आणि त्यांच्याशी बोलायची घराचीही सवय मोडली होती.

यादी तपासायच्या दिवशी ते रांगेतून तिच्या टेबलापाशी आले. रेशनकार्डावर कोंडीराम कांबळे. तिकिटावर शामराव शिर्के, साचेखातं, म्हणजे कापड विणायचा विभाग.

"आबा, हे कुणाचं?"

"माझंच." ते खाली बघत म्हणाले. "साच्यावर धागा तोंडानं ओढायला लागायचा. आपल्या जातीच्या माणसाला तिथं कोण उभं करणार? शामराव कायमचा गावी निघाला, त्याचं नाव मी घेतलं. बावीस वर्षं शामरावच होतो."

नाव जुळेना, म्हणून अर्ज बाद. तिच्याच रेघेने बाद. डबा घेऊन गेटवर यायचं नाही, असं आबा का दटावत आणि संपातसुद्धा त्यांचा एकही सोबती घरी का फिरकला नाही, हे शैलाला आत्ता उमगलं. रांगेसमोरच तिला रडू फुटलं.

तिने आराखडा मोडला. माणसाचा चौकोन वेगळा, गिरणीतल्या नावाचा वेगळा. समितीचे राजाराम कुरकुरले, "अगं, पोटासाठी दुसऱ्याच्या नावावर राबलेले पन्नास निघतील!"

"मग पन्नासांना जागा करू."

राजाराम तयार झाले. अट एकच: जोडीला काम केलेल्या दोघांनी लिहून द्यायचं, की आम्ही ज्याला शामराव म्हणत होतो तो हा कोंडीराम.

शैला फॉर्म घेऊन जवळजवळ धावतच घरी आली. "आबा, यादीत तुमच्या साचेखात्यातले दोघं सापडले. लवूकाका सही देतील ना? नाना देतील?"

कोंडीरामांनी फॉर्म बोटाने ओळ धरून वाचला. परळच्या हॉटेलात लवू अजून रोज त्यांची वाट बघायचा. बावीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले होते.

"लवूला सांगावं लागंल."

"लागेल. मी येते बरोबर."

"आता चाललोय ते त्याच्याकडंच." त्यांनी फॉर्म कोराच तिच्या हातात दिला आणि चपला घातल्या. "साऱ्या मुंबईत तो एकटाच मला हाक मारतो, पोरी. त्याला कोंडीराम चालंल का न्हाई, कुणास ठाऊक. मला न्हाई विचारवत."