उपाशी गोधडी

ती गोधडी आजही माझ्या नजरेसमोरून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेच तपशील आता पुसट झाले आहेत. ही तर फसवणुकीची साधी केस, कलम चारशे वीस. तरी तिची लाज अजून ताजी आहे.

मी शेतकऱ्याच्या घरातला. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मराठी मुलखातून वडील हैदराबादेत आले. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत इन्स्पेक्टर झालो. वशिला कुणाचा नव्हता. त्यामुळे डोकं लवकर तापायचं, आणि भाव केल्याशिवाय वस्तू घेण्यात मला अपमान वाटायचा. सुलतान बाजारात मी साध्या कपड्यांत शिरलो तरी दुकानदार एकमेकांना खुणावत. दारावर भांडी घेऊन येणाऱ्या बाईकडूनसुद्धा मी ठरलेल्या डब्यावर एक पळी जास्तीची काढली होती. बायको ती गोष्ट पाहुण्यांना कौतुकाने सांगायची.

बाजार खुला झाल्यानंतरचे ते दिवस. कंपन्यांचा माल चकचकीत पिशव्यांतून शहरात उतरत होता, आणि त्याच वेळी पैसेवाल्या घरांना जुन्या, हाताने केलेल्या वस्तूंची हौस लागली होती. पुण्या-मुंबईहून संगणकाच्या नोकरीसाठी आलेली मंडळी नव्या फ्लॅटमध्ये पितळी दिवे, जुने हंडे मांडू लागली होती.

असाच एक पुण्याचा तरुण इंजिनिअर, तारनाक्याला राहणारा, एका सकाळी ठाण्यात आला. बगलेत गोधडी होती. बोलायच्या आधी त्याने दरवाजा लोटून घेतला.

"सर, जरा खाजगी आहे," तो म्हणाला. सुलतान बाजारातल्या एका दुकानातून त्याने ती गोधडी घेतली होती. हातशिलाईची, जुन्या घरातली, असं दुकानदाराने सांगितलं होतं. कोपऱ्याला कापडी चिठ्ठी होती, तिच्यावर अफझलगंजातल्या एका बाईचं नाव. दिवाळीला तो पुण्याला गेला, तर मेहुणीच्या पलंगावर हीच गोधडी. तेच तुकडे, त्याच क्रमाने. तिने ती एका कंपनीच्या शोरूममधून घेतलेली, लेबल जागच्या जागी.

"मेहुणी काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, दाजी, तुमच्या जुन्या घरातल्या आजीबाईंनी आम्हालाही एक शिवून दिली बरं का."

मी हसलो नाही, कारण तशीच एक गोधडी माझ्या घरी होती. त्याच दुकानातून, काही महिन्यांपूर्वी, घासाघीस करून घेतलेली. तो गेल्यावर मी स्वतःची समजूत घातली की आपली खरी असणार. मला कोण फसवणार?

चिठ्ठीवर जिचं नाव होतं तिला बोलावून घेतलं. साठीच्या आसपासची बाई, आमच्याच मुलखातली. अफझलगंजाच्या मागे दोन खोल्यांत पाच-सहा बायका घेऊन ती गोधड्या शिवायची. शहरातल्या मोठ्या हस्तकला प्रदर्शनात यंदा तिला पहिल्यांदाच गाळा मिळणार होता. ही तक्रार संयोजकांच्या कानावर गेली, आणि त्यांनी निरोप धाडला की पोलिसांकडून नाव साफ होईपर्यंत गाळा अडवून ठेवू. गाळा गेला तर हातातला माल पुन्हा त्याच दुकानदाराला, तो म्हणेल त्या भावाने द्यायचा, हे तिला ठाऊक होतं.

मी आवाज चढवूनच सुरुवात केली. "नाव तुमचं, चिठ्ठी तुमची. मग माल कुणाचा?"

"चिठ्ठी माझीच हाय, साहेब. दुकानदाराला मीच गठ्ठा दिला होता, माझ्या गोधड्यांना लावाया. ही गोधडी माझी न्हाई."

"हात न लावता कळलं?"

तिने गोधडी उचलली, तळहातावर तोलली आणि परत ठेवली. "हिला वजन न्हाई. आन ही उपाशी हाय."

बाजूला उभा असलेला शिपाई फिसकन हसला. मला हसू आलं नाही. आमच्या भागात गोधडीची शेवटची शिलाई घालण्याआधी कोपऱ्यात चिमूटभर ज्वारी सारतात. तिचं पोट रिकामं ठेवायचं नाही, नाहीतर पांघरणाऱ्याला ऊब लागत नाही म्हणतात. माझी आईही सारायची. लहानपणी तो कोपरा चाचपत मी झोपलो आहे.

"उसवून बघा की," बाई म्हणाली.

ठाण्याच्या नोंदी लिहिणाऱ्या रायटरच्या टेबलावरचं ब्लेड घेऊन मी इंजिनिअरच्या गोधडीचे चारही कोपरे उसवले. आत पांढराशुभ्र, कापसासारखा दिसणारा कारखान्याचा कृत्रिम तंतू. लुगड्याची चिंधी नाही, ज्वारी नाही. तेवढ्यावर त्या बाईला सन्मानाने घरी पाठवायला हवं होतं. मी म्हणालो, "तपास संपेपर्यंत गाव सोडायचं नाही." ती खोटी ठरली असती तर मी फक्त एका लबाड बाईकडून फसलो असतो. ती खरी असेल तर मी माझ्याच डोळ्यांनी फसलो होतो. मला पहिलं परवडत होतं.

दुपारी जेवायला घरी गेलो आणि आधी पलंगाशी बसलो. बायको ताट वाढून उभी राहिली.

"काय शोधताय?"

"ज्वारी."

"गोधडीत?" असं म्हणून ती थांबली. तीही आमच्याच मुलखातली. तिने कात्री आणून दिली. चारही कोपरे उपाशी निघाले.

खबर मिळाली ती दुकानाशेजारच्या इस्त्रीवाल्याकडून. आमच्या एका हेडकॉन्स्टेबलचे गणवेश इस्त्रीवाल्याचा पोरगा घरून न्यायचा, त्यामुळे बाजारात त्याचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. हा हेडकॉन्स्टेबल जुन्या शहरातला, कुणालाही बोलतं करणारा माणूस. त्याने इस्त्रीवाल्याला माझ्यासमोर आणलं.

"बोलो मियाँ, साब कू बोलो."

"साब, वो दुकान के पिच्छे दो औरतां बैठ के लेबलां उधेडते. फिर रजायां मेरेकू देते, घड्यां निकालने. मैं बोल्या, पुरानी चीजां में ऐसी घड्यां कां से आते भाई? वो बोल्या, तेरेकू कैकू, तू इस्त्री मार."

कारखान्याची घडी गरम इस्त्रीने मोडायची, सोड्याच्या पाण्यात रंग उतरवायचा, मग वर बाईची चिठ्ठी शिवायची. पद्धत कळली, पण पुरावा हाती नव्हता. छापा घालून दहा-वीस गोधड्या सापडल्या असत्या तरी दुकानदार बाईकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. इथे माझी बाजारातली अक्कल कामी आली. हाताने शिवणाऱ्याला एक गोष्ट कधीच जमत नाही, अगदी तशीच दुसरी वस्तू. मी हेडकॉन्स्टेबल आणि त्याच्या बायकोला गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. मुलीच्या लग्नात वऱ्हाडाला आहेर करायचा आहे, एक डझन गोधड्या पाहिजेत, पण सगळ्या हुबेहूब, नाहीतर व्याही रुसतील.

खऱ्या गोधड्या विकणारा माणूस डोक्याला हात लावून बसला असता. दुकानदार म्हणाला, "परसों ले जाव."

ठरल्या दिवशी पंच घेऊन आम्ही मागच्या खोलीत शिरलो. हुबेहूब गोधड्या रचून ठेवलेल्या, कोपऱ्यात चेन लावलेल्या प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्या, आणि एका डब्यात उसवलेली लेबलं. जप्ती पंचनामा झाला.

दुकानदार मराठीच, आमच्या जिल्ह्याकडचा. ठाण्यात आणल्यावर मी त्याच्यावर भडकलो. तो घाबरला नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून खाली बघत बसला.

"गरीब बाईचं नाव विकलंस. लाज नाही वाटत?"

"वाटते ना साहेब. पण एक विचारू? तुम्हाला मी पहिली गोधडी कुठली दाखवली होती, आठवतं?"

मला आठवलं. जड, टाके थोडे वाकडे, जुन्या कपड्याचा वास येणारी. मी ती पायाने बाजूला सारली होती. म्हणालो होतो, या चिंध्यांचा एवढा भाव?

"ती मावशीची होती," तो म्हणाला. "तिचा भाव मी उतरवू शकत नव्हतो, तिचे दिवस त्यात गेलेले. तुम्ही ऐकेनात. मग मागून दुसरी आणली, हलकी, सरळ टाक्यांची. म्हणालो, ही पण त्याच मावशीची. तुम्ही निम्म्यावर आणलीत, मी लगेच हो म्हणालो. तुम्ही खूश. टाका कुणी बघितला नाही, साहेब. तुम्ही नाही, ते इंजिनिअर नाही. सगळ्यांना जुनी पाहिजे, पण नव्यासारखी."

माझा हात उठला होता. तो तसाच टेबलावर ठेवला. कारण तो जे बोलला त्यात खोटं काही नव्हतं. एवढी वर्षं भाव करणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं की जो पटकन निम्म्यावर येतो त्याने ती वस्तू केलेली नसते.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. वकील आला आणि दुकानदाराने शब्द फिरवला. माल बाईच आणून देते, लेबलंही तिच्याच सांगण्यावरून काढली, चिठ्ठ्या तिच्याच आहेत, मी फक्त विकतो. चिठ्ठ्या खरोखरच तिच्या असल्याने संयोजक पुन्हा बिचकले. आता असं गिऱ्हाईक हवं होतं, ज्याला दुकानदाराने दोन्ही गोधड्या एकापाठोपाठ दाखवल्या होत्या आणि ज्याच्या देखत दुसरी मागच्या खोलीतून आणली होती; म्हणजे बाईचा माल वेगळा होता हे त्याला ठाऊक होतं, असं ठरलं असतं. इंजिनिअरला फक्त एकच दाखवली होती, आणि तोही मागे सरला. "सर, ऑफिसात कळलं तर हसतील," म्हणाला. आणखी तीन-चार घरांत मी स्वतः गेलो. प्रत्येक ठिकाणी गोधडी पलंगावर दिसत होती, आणि प्रत्येक ठिकाणी ती दुसरीकडून घेतलेली होती.

बाई रोज सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसायची. काही मागायची नाही. सुईदोरा घेऊन काहीतरी शिवत राहायची. एकदा जाता जाता मी उगाच चिडून म्हणालो, "मावशी, इथे बसून गाळा मिळणार आहे का?"

"घरी बसले तर बायका इचारत्यात, काय झालं," ती म्हणाली. "हितं कुनी इचारत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या घरची गोधडी स्कूटरला बांधून एसीपींच्या ऑफिसात गेलो. ते थेट भरती झालेले, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, इंग्रजी शाळेतले. मी सांगितलं की या केसमध्ये मी साक्षीदार आहे, तपास दुसऱ्याकडे द्या.

त्यांनी गोधडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही? गिऱ्हाईक म्हणून?"

"हो सर. फसलेलं गिऱ्हाईक."

ते हसले. बाहेर क्लार्क हसले. तपास एका नव्या सब-इन्स्पेक्टरकडे गेला, आणि केस सिद्ध झाल्यावर प्रशस्तिपत्रही त्यालाच मिळालं. तेलुगूत गोधडीला बोंता म्हणतात. त्या दिवसापासून खात्यात मी 'बोंता सार' झालो. पुढे बढतीच्या वेळी माझं नाव दोनदा मागे पडलं. कारण कुणी लेखी दिलं नाही, पण त्या मुलाखतीच्या खोलीत एकजण हळूच तो शब्द बोललेला मी ऐकला आहे. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

पण लाज वेगळी. ती हसणाऱ्यांची नाही.

माझ्या जबाबाने बाईचं नाव साफ झालं आणि गाळा मिळाला. प्रदर्शनात मी बायकोला घेऊन गेलो. गाळ्यावर गर्दी होती. बाईने आम्हाला बघून स्टूल पुढे केलं. बायको म्हणाली, "मावशी, आम्हाला एक द्या. तुम्ही सांगाल तो भाव." हे वाक्य आमच्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

बाईने मान हलवली. "विकत कशापायी घेता? आपल्या मानसाला गोधडी विकत न्हाईत. घरची जुनी लुगडी आना, मी शिवून देते. सायबांच्या आईची असतील की."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

पुढे नव्या सब-इन्स्पेक्टरांना शिकवताना मी सांगायचो की फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपीच्या आधी फिर्यादीला नीट विचारा, त्याला काय पाहिजे होतं. ठक खोटं बोलतो ते नंतर. काय खोटं बोलायचं ते गिऱ्हाईकच त्याला आधी सांगून ठेवतं. हे मी त्या केसमध्ये शिकलो. हे शिकायला मला एवढी वर्षं का लागली, ते मी कुणाला सांगितलं नाही.

आईची लुगडी आमच्या घरात नव्हती. ती गेल्यावर ट्रंकेतली सगळीच्या सगळी आम्ही दारावरच्या भांडीवालीला दिली होती. त्यांच्यावर स्टीलचा डबा आला. कापड चांगलं टिकाऊ आहे, हात लावून बघ, असं मीच तिला बजावलं होतं, आणि तासभर हुज्जत घालून ती पळी जास्तीची मिळवली होती.

पळी अजून स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेली आहे. तिची गोष्ट बायको आता पाहुण्यांना सांगत नाही.