'म्हणून' म्हटलं की ग्लास खाली

केळीचे घड कापले की बांधावर पानं साचत जातात, कोणी मुद्दाम रचत नाही. सुमनअक्काच्या टपरीवरचे आमचे किस्से तसेच साचलेत. टपरी रावेरच्या रस्त्याला. बाहेर फरशीचा ओटा आणि त्यावर आम्ही चौघं: देवराम सर, हार्डवेअरवाले गुलाबशेठ, ट्रॅक्टरवाला इस्माइलभाई आणि मी. मला सगळे नाना म्हणतात. मी सातवीत दोनदा बसलो, म्हणून माझं शिक्षण चौदावी, असा माझा हिशेब.

*

सर धुळ्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. रिटायर होऊन गावी आले, समोर पोरं नाहीत, मग आमच्यावरच घसरले. नियम काढला: बोलता बोलता ज्याच्या तोंडून 'म्हणून' निघालं, त्यानं चहाचा ग्लास ओट्यावर ठेवायचा. बाकीच्यांचे प्रश्न संपेपर्यंत घोट नाही.

पहिले सापडले शेठ. "दाराला लिंबू-मिरची बांधली, म्हणून दुकान चालायला लागलं."

"ग्लास खाली," सर म्हणाले. "तुमच्या समोरचं हार्डवेअर कधी बंद पडलं?"

"त्याच आठवड्यात."

शेठच्या चहावर साय धरली.

अक्का म्हणाली, "शेठ, लिंबू सोडून टाका आता."

"राहू दे," शेठ म्हणाले. "समोरचा परत आला तर?"

*

आता माझं पाप सांगतो. यंदा तीन बागांत हरण्या आला. या रोगात केळीच्या पानावर पिवळे पट्टे पडतात आणि झाड उपटून फेकावं लागतं. तिन्ही बागांत घड वाहायला इस्माइलभाईचा ट्रॅक्टर गेला होता. मी ओट्यावर सहज म्हटलं, "इस्माइलचं चाक जिथं, हरण्या तिथं."

सगळे हसले. इस्माइलभाईसुद्धा हसला. त्यातला लपलेला 'म्हणून' पकडणारे सर त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, म्हणून माझा ग्लास हातातच राहिला.

आठ दिवसांनी तेच वाक्य पानटपरीवर माझ्याच कानावर आलं. सांगणारा मला पटवून देत होता, "नाना, जाणकार माणसानं सांगितलंय भो."

*

इस्माइलभाईचा फोन वाजायचा थांबला. ट्रॅक्टर टपरीसमोर उभा असायचा, चाकांना मातीचा कण नाही. मग गावात दवंडीसारखं फिरलं: शुक्रवारी चार वाजता सोसायटीच्या ओट्यावर बैठक, त्याचा ट्रॅक्टर शिवारात येऊ द्यायचा की नाही याची. बैठकीत सोसायटीचे चेअरमन, म्हणजे आबा, यांचा शब्द शेवटचा. स्वतः आबांचे घड कापणीला आलेले.

"बंदी झाली तर ट्रॅक्टर विकतो," इस्माइलभाई म्हणाला. "सुरतेला साडूकडे ड्रायव्हरकी करतो. नाना, मजाक तुझी होती, चूल माझी आहे."

मी आयुष्यभर लोकांच्या चपला लपवल्या, सायकलींची हवा सोडली. पण कोणाची चूल कधी विझवली नव्हती.

अक्काचं माहेर धुळ्याकडचं. ती चिडली की अहिराणीत येते. "हाई बठ्ठं खोटं शे," ती म्हणाली. "जा, सांगा त्यास्ले."

"खोटं आहे एवढं सांगून भागत नाही," सर म्हणाले. "कुठं खोटं आहे ते दाखवावं लागतं."

*

तयारीला बसलो. इस्माइलभाई म्हणाला, "सांगेन की वीस वर्षं इमानदारीनं काम केलं, म्हणून माझ्या चाकाचा दोष नाही."

"ग्लास खाली," सर म्हणाले. "चांगल्या माणसाच्या चाकालाही रोग चिकटू शकतो. ट्रॅक्टर आणखी कुठं कुठं गेला?"

दोन दिवस मी आणि इस्माइलभाई मोटरसायकलवर शिवारभर हिंडलो. ट्रॅक्टर गेलेल्या आणखी अकरा बागा निघाल्या. अकराही हिरव्यागार. कागदावर नावं लिहिली, माझ्या अक्षरात, म्हणजे वाचायलाही मीच लागणार.

*

शुक्रवारी ओटा भरला होता. इस्माइलभाई खाली, चपलांजवळ बसला. चहा आला. आबांनी ग्लास उचलला.

"तीन बागा. तिन्हींत याचा ट्रॅक्टर गेला आणि मग हरण्या आला. म्हणून..."

"आबा, ग्लास खाली ठेवा," मी म्हणालो. सवयीनं निघून गेलं.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आबांना असं कोणी बोलत नाही. त्यांनी ग्लास ठेवला नाही, पण प्यायलेही नाहीत.

मी अकरा नावं वाचली. मागून एक जण म्हणाला, "तिथं अजून यायचा असेल." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. इस्माइलभाईनं चपला पायात घालायला घेतल्या.

सर माझ्याकडे बघत होते, पण ते शिकवतात, वाचवत नाहीत. मला एकच सुचलं.

"तिन्ही बागांत आणखी एक जण गेला होता," मी म्हणालो. "हरण्या यायच्या आधी. रोज. गप्पा मारायला."

"कोण?" आबा म्हणाले.

"मी. चाकाची गोष्टही मीच उठवली, थट्टेत. ट्रॅक्टर गेला म्हणून रोग आला असेल, तर नाना गेला म्हणूनही आला. बंदी करायची तर दोघांवर करा."

कोणी हसेना. आबांनी ग्लास खाली ठेवला. चहा पार गार झाला होता.

"विचार करून सांगतो," एवढंच बोलून ते उठले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं ओट्यावर. इस्माइलभाईचा फोन वाजला. आबा. स्पीकर शेठनीच लावला.

"इस्माइल, ट्रॅक्टर घेऊन ये. घड कापायला माणसं लागलीत. तुझ्या चाकाचा काही दोष नाही, मला पटलं."

इस्माइलभाईनं डोळे मिटले. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चाळीस वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी मिळाला नसावा.

"आणि ऐक," आबा म्हणाले, "त्या नानाला बरोबर आणू नको. बांधावरसुद्धा नको. तिन्ही बागांत तोच गेला होता."