सुगतनं निवडलेले टायर

सुगत जवाहरनगरच्या कारखान्यात फिटर, पण त्याचा जीव अडकलेला भंडाऱ्यात, अंकुरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. अंकुर त्याचा शाळेपासूनचा जिगरी, कोशाच्या रेशमी साड्यांचा व्यापारी. त्यानं भंगारातून दोन सीटची एक हलकी स्पोर्ट्स कार उचलून आणली आणि सुगतनं आपल्या साऱ्या सुट्ट्या तिच्यात घातल्या. गाडी अंकुरच्या नावावर, पण बोली पक्की होती: रेसच्या ट्रॅकवर ती पहिल्यांदा चालवणार सुगत. दुसरी हौसच नव्हती हो त्या माणसाला!

टायर तेवढे राहिले होते. ट्रॅकवरही चालतील अन् रस्त्यावर पोलिसानं अडवलं तरी कायद्यात बसतील, असे पाहिजे होते.

"सबसे बढिया सांग बे," अंकुर म्हणाला. "दसऱ्याच्या आत पाहिजेत."

"गाडी हलकी हाय गड्या. कडक रबर गरमच होनार नाही, मंग पकडन काय? नरम घे. पन निव्वळ गुळगुळीत नको, साचलेल्या पान्यात घसरशीन. मधात खोल खाचावाले घे."

"आन् वजनदार मानूस बसला तं?"

"आपल्यात कोन वजनदार हाय बे?" सुगत खो-खो हसला. दोघंही काडीपैलवान. अंकुर का हसला नाही, एवढंही त्या येड्यानं विचारलं नाही.

टायर आले, सुगतनं स्वतः चढवले. दसऱ्याला नव्या टायरखाली लिंबं ठेवून पूजा व्हायची होती. पण त्या दिवशी सुगत आईला, रत्नमालाबाईंना, घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. ते कधी चुकत नाही. "लिंबं तू फोड, मी दुसऱ्या दिवशी येतो," असं त्यानंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आला तर शेड रिकामं. दारात लिंबांचा चेंदामेंदा. अंकुरची आई, कौशल्याकाकू, झेंडूची फुलं झाडत होती.

"काकू, गाडी कुठं गेली?"

"गोंदियाच्या शेठनं नेली ना बापा, मुहूर्तावर. टायर चांगले टाका, मंगच घेतो म्हने. तुले नाही सांगतलं?"

गोंदिया भंडाऱ्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला, तरी इकडची चांगली वस्तू तिकडं जायचीच! अंकुर दारात आला.

"माह्या नावावर होती ना बे. तुही मजुरी देतो तुले."

मजुरी! ज्याच्यासोबत एका डब्यात जेवला, त्याच्या तोंडून मजुरी! यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दसराच काहून पाह्यला तू?"

अंकुर खाली पाहत म्हणाला, "तू नसते ना त्या दिवशी."

सुगत घरी आला, जेवला नाही. चार दिवसांनी फोन वाजला. गोंदियाचा शेठ होता.

"अंकुरभाई बोले, आपसे पूछो. टायर में हवा कितनी रखूँ? मैं जरा भारी आदमी हूँ."

वजनदार माणूस! फोन ठेवून द्यावा, असं फार वाटलं. पण टायर त्याचे होते. हवा टायर थंड असतानाच मोजायची, पहिल्या चकरा सावकाश घ्यायच्या, पाण्यात जोर करायचा नाही, सगळं त्यानं नीट सांगितलं.

"आप तो गाडी को बहुत जानते हो," शेठ खूश झाला. "ट्रॅक पे कितनी बार चलाई?"

"एक बार भी नहीं," सुगत म्हणाला.