अज्जांच्या मापाची साखर

गौरी आणि ओंकार,

परवा फोनवर गौरीनं विचारलेला प्रश्न मी टाळला, कारण असल्या प्रश्नाचं उत्तर गॅसपाशी उभं राहून देता येत नाही. तुमच्या आईच्या तपासणीत मधुमेह निघाला. तिकडच्या डॉक्टरांनी तिला तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा साडेसहाच्या आसपास ठेवायला सांगितला आहे. आणि इकडं तुमच्या अज्जांचा साडेसात आला तरी आम्ही समाधानी. मग अज्जांकडं कोणी नीट लक्ष देत नाही का, असं गौरीला वाटलं. वाटणारच. म्हणून सवडीनं लिहिते आहे. आईलाही वाचायला द्या.

उत्तराची सुरुवात आम्ही लोहारा सोडलं त्या सकाळपासून करावी लागेल. दारात टेम्पो उभा होता. त्यात दोन लोखंडी पलंग, माझी इंग्रजी पुस्तकं आणि ज्वारीचं पोतं. अज्जांचं कापडाचं दुकान एका मोबाइलवाल्याला भाड्यानं दिलं होतं. त्याची नवी पाटी आदल्याच दिवशी लागली होती. अज्जा ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले आणि त्या पाटीकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. शेजारच्या शांताक्का माझे ओले डोळे पाहून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, उस्मानाबादला चाललाव का अमेरिकेला?" सगळे हसले, मीही हसले. तुम्ही समुद्र ओलांडून गेलात. आम्ही जिल्ह्याच्या बाहेरसुद्धा पडलो नाही. पण मिसरूड फुटल्यापासून एकाच गादीवर बसलेल्या माणसाला तेवढं अंतरही पुरतं. अज्जांची साखर वरखाली होत होती, चांगले डॉक्टर जिल्ह्याला होते आणि तुमच्या आईचा आग्रह होता, म्हणून निघालो.

अज्जांची पूजा तुम्ही पाहिली आहे. अंघोळ, कपाळाला भस्म, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, बेल, आणि मग त्याच्याकडं एकटक पाहत बसायचं. ती होईपर्यंत गोळीपुरता घोट सोडला तर तोंडात काही नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे अज्जांची आई, अव्वा, म्हणायच्या, "पूजेआधी खाल्लं की दिवस उष्टा झाला." लोहाऱ्यात ही पूजा लवकर आटपायची. पहिल्या जीपनं खेड्यातली माणसं यायची, दुकानाच्या पायरीवर बसून राहायची, आणि आतून अज्जांना त्यांचं खोकणं ऐकू यायचं. गिऱ्हाईक थांबलेलं देवालाही दिसतं, असं ते म्हणायचे आणि उठायचे.

धाराशिवच्या, म्हणजे शांताक्कांच्या उस्मानाबादच्या, फ्लॅटमध्ये पायरीवर खोकणारं कोणी नव्हतं. लिफ्ट होती, बाल्कनी होती, शेजारी दार लावून घेणारे होते. पूजा हळूहळू लांबत गेली. मी भाकरी झाकून ठेवायची आणि वाट पाहायची. हाक मारावीशी वाटायची नाही, कारण दिवसभरात तेवढ्याच वेळात ते मला लोहाऱ्यातले दिसायचे. बाकी वेळ कुणाच्या घरी पाहुणे आल्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसायचे.

इकडं साखरेचं मात्र छान चाललं होतं. भात कमी केला, संध्याकाळी चालणं सुरू झालं, गोळी वेळेवर. जेवणाआधी घ्या असं जुन्या डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून लोहाऱ्यासारखीच उठल्या उठल्या. रिपोर्टमध्ये तीन महिन्यांची सरासरी सहा पूर्णांक एक आली. मी जन्मभर पेपर तपासले, चांगले मार्क पाहिले की मला आनंद होतोच. तुमच्या आईला लगेच फोन केला.

त्यानंतर काही दिवसांतच एका सकाळी अज्जा पाटावरून कलंडले. अंग घामानं ओलं, हात थरथरत होते, लिंग मात्र मुठीत घट्ट. मला ते "अव्वा" म्हणाले. शुद्ध होती, घोट गिळत होते, म्हणून मी साखरेचं पाणी पाजलं. शेजारच्या बाईंनी आपलं साखर मोजायचं मशीन आणून अज्जांचं बोट टोचलं, तेव्हा कळलं की साखर फार खाली गेली होती.

मग तुमच्या आईनं आणि मी फोनवर ठरवलं. पूजेआधी दोन बिस्किटं खायची, आणि एकट्यानं बाहेर पडायचं नाही. महिन्यातून एकदा ते एसटीनं लोहाऱ्याला जायचे, तेही बंद. अज्जा सगळं ऐकून शांतपणे म्हणाले, "गोळी सोडतो. पूजा न्हाय सोडनार." ते आवाज चढवत नाहीत, म्हणूनच मला भीती वाटली. गोळी सोडली तर डोळे जाणार, पाय जाणार. नाही सोडली तर पुन्हा कधीतरी पाटावर कोसळणार.

त्यांना मी एका नव्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. वयानं तुमच्या आईपेक्षा लहान. रिपोर्ट मी पुढं केला, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारलं, "अप्पा, तुमची सकाळ कशी जाते ते सांगा." अज्जांनी सगळं सांगितलं. मी मध्येच म्हटलं, दुकान गेल्यापासून पूजा फार लांबलीय. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि समजावलं. गोळी पोटात जाऊन साखर खाली ओढायला लागते आणि वरून घास येत नाही, तो पूजा संपल्यावर येतो. लोहाऱ्यात हे अंतर थोडं होतं, इथं ते वाढलं. गोळी तीच, माणूस तोच, फक्त गाव बदललं होतं. आणि ज्या सहा-एकचं मला कौतुक वाटलं, त्यात असे न कळलेले उतारही मोजले गेले असतील, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "पुढची वर्षं तुम्हाला कशासाठी हवीत?"

अज्जांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. मग म्हणाले, "डोळे पायजेत. तळहातावरचं दिसलं पायजे. आन् पाय पायजेत, एकट्यानं येष्टीत चढाया."

त्यावरून त्यांचा आकडा ठरला. सात ते साडेसात, क्वचित आठच्या आत राहिला तरी चालेल, पण साखर खाली कोसळायची नाही. गोळी बदलली, नवी पूजेनंतर भाकरीबरोबर. वर्षातून एकदा डोळे तपासायचे, रोज तळपाय पाहायचे. अज्जा खूश झाले. "आजवर समदे तयार कपडे देत व्हते," ते म्हणाले, "तुमी माप घेतलं." डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांनी एक अट घातली. पूजेत हात थरथरला, घाम आला, तर तिथंच थांबून साखर खायची.

ही अट ते मानतील असं मला वाटलं नव्हतं. परत येताना रिक्षात ते म्हणाले, "अगं, शरीर त्यानंच दिलंय. त्याला पडू दिलं तर पूजा कोन करंल?" आणि घरी आल्यावर, जिथं बेलाची पानं ठेवतात, तिथंच त्यांनी खडीसाखरेची डबी ठेवली.

तेव्हापासून अज्जांनी जे पाळलं आहे, त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. कापडात बोटभर कमी दिलं नाही, तसंच हे. लग्नाच्या पंगतीत जिलेबीचा आग्रह झाला की एक तुकडा घेऊन म्हणतात, "हा तुमचा. बाकीचं ताट डॉक्टरीणबाईंचं." रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळपाय पाहतात. एकदा साडेआठ आला, तेव्हा रागावले नाहीत, लपवलंही नाही. सणाचे दिवस होते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून चालणं वाढवलं. आकडा त्यांच्यासाठी परीक्षा नाही. पुढं काय करायचं ते त्यावरून कळतं, एवढंच.

गौरी, तुझ्या आईचा आकडा कमी आहे, कारण ती पन्नाशीच्या अलीकडं आहे आणि तिला अजून कितीतरी वर्षं डोळे आणि किडन्या सांभाळायच्या आहेत. तिच्या औषधानं साखर सहसा खाली जात नाही. वय वाढेल, औषधं बदलतील, तसा तिचे डॉक्टर तोही बदलतील. तिनं अज्जांचा आकडा घेऊ नये आणि अज्जांनी तिचा.

तू एकदा विचारलं होतंस, आमचं घर कुठलं, लोहारा की धाराशिव. मला तेव्हा सांगता आलं नव्हतं. आता वाटतं, जिथून माणूस एकटा बाहेर पडतो आणि आपल्या पायांनी परत येतो, ते घर. अज्जा आज सकाळी पूजा करून, भाकरी खाऊन, गोळी घेऊन लोहाऱ्याला गेले आहेत. एकटेच. त्यांचे डोळे शाबूत आहेत, पाय शाबूत आहेत.