छायावहिनीची टोळी

वहिनी गेल्याचा दादाचा फोन आला, तेव्हा मी सालेकशाच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, "कोण लागायच्या तुमच्या?" मी म्हटलं, "वहिनी." त्यांनी समजूतदारपणे मान हलवली, दोन दिवसांची रजा दिली आणि पोरांना दुसऱ्या वर्गात बसवलं. त्यांचं काही चुकलं नाही. भावाची बायको गेल्यावर माणसाला किती रडू येतं, याचा जगाचा एक अंदाज असतो. मी त्या अंदाजाबाहेर रडत होते आणि मला त्याची लाज वाटत होती. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, तर मी "आई गेली" असं खोटंच सांगितलं. खरं काय सांगणार होते? की मला कॉम्प्युटरवरचा गेम शिकवणारी बाई गेली?

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी गोंदियाला माहेरी परत आले. का आले ते इथं लिहीत नाही, ते फार काही वेगळंही नव्हतं. ते दोन हजार दोन साल. घरी आई, मिलमध्ये नोकरी करणारा दादा आणि वहिनी. वहिनी इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या गावची. घरात झाडीबोली, बाहेर हिंदी. पुढच्या खोलीत तिनं कॉम्प्युटर क्लास काढला होता. चार मशीन, त्यांच्यावर आईच्या जुन्या लुगड्याच्या खोळी. कोणी पाहुणा दारात दिसला की मी मागच्या खोलीत जात असे. तिथं धानाच्या पोत्यांमागे एक स्टूल होतं. पाहुणे गेले की आई हाक मारायची. मी डी.एड. झालेली बाई, पण त्या दिवसांत माझं राज्य त्या स्टुलाएवढंच होतं.

एका दुपारी बॅच आली नव्हती. वहिनी मागं येऊन म्हणाली, "चाल व, मले एक मानूस कमी पडून राहिला." नागपूरहून कोणीतरी आणलेली गेमची सीडी होती. तलवारी, जादू, गुहा, राक्षस. त्यात एकट्यानं लढायचं नसतं, सहा जणांची टोळी करायची असते. वहिनीनं पहिल्यांदा सहाही तलवारवाले घेतले होते. "घरात लेचापेचा कोनाले पायजे?" असा तिचा हिशेब. ते सहाही पहिल्याच जंगलात लांडग्यांनी खाल्ले. जखम बांधणारा कोणी नाही, कुलूप उघडणारा कोणी नाही, दुरून मारणारा कोणी नाही. तेव्हा तिनं नव्यानं टोळी मांडली आणि त्यातल्या चौघांना घरातल्या माणसांची नावं दिली, उरलेले दोघे साधे तलवारवाले. दादा ढाल घेऊन, आई जखमा बऱ्या करणारी, वहिनी स्वतः जादूवाली. आणि मी?

"मले चोर काऊन केलं?" मी भडकले.

"चोर नाई त कुलूप कोन खोलन? जमिनीतले फासे कोन पाहन? बाकीचे पाच नुसते मरतीन."

घरच्यांची नावं देणं ही मात्र तिची मोठी चूक होती. दुसऱ्याच दिवशी 'दादा' एका गुहेत पडला आणि वहिनीचा जीव असा खालीवर झाला, की त्याला गेममधल्या देवळात नेऊन जिवंत करेपर्यंत तिनं चहा घेतला नाही. देवळातल्या पुजाऱ्यानं मागितलेल्या मोहरा जमेपर्यंत संध्याकाळ झाली. खरा दादा मिलमधून आला, तर ही त्याच्याकडे टक लावून पाहत बसलेली. "काय झालं?" त्यानं विचारलं. "काई नाई, जेवा," ती म्हणाली. पुढे क्लासमधलं कोणी पोर तो गेम मागायला आलं, की वहिनीची पहिली सूचना ठरलेली असे... घरच्याचं नाव द्यायचं नाही.

बाकीच्या सूचना ती हळूहळू द्यायची, भाजीत मीठ टाकावं तशा. दार उघडण्याआधी सेव्ह कर, लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. गावात शिरलं की प्रत्येकाशी बोल, रिकामटेकडा दिसला तरी. कामाची गोष्ट तोच सांगतो. जादूवाली अंगानं नाजूक, तिला मागं ठेव. थकलेल्या टोळीला पुढं रेटू नको, मुक्काम कर. कचारगडच्या गुहेत जाताना आपण बॅटरी घेतो, तशी इथंही मशाल आधी घे, हिंमत नंतर. इंग्रजी अडलं की दोघी मिळून शब्दकोश उघडायचो. शिक्षिका म्हणून जे काही थोडं इंग्रजी मला येतं, ते राक्षसांच्या कृपेनं, असं ती सगळ्यांना सांगायची आणि मी दात काढत असे.

एकदा आम्ही हरत होतो. मी की-बोर्डवर तशीच बडवत राहिले. ती म्हणाली, "पळ ना व."

"पळायचं काय?"

"पळनं बी एक चाल हाये. मेलेला मानूस वापस येऊन लढत नाई. पळालेला येते."

मी खुर्ची ढकलून उठले. तिला वाटत असेल की आपण गेमबद्दल बोललो, पण माझे कान तापले. पुढचे काही दिवस मी त्या खोलीत पाय ठेवला नाही. तिनं समजूत काढली नाही. फक्त गेम तिथंच थांबवून ठेवला, माझ्यावाचून एक पाऊलही पुढं नेला नाही. शेवटी मीच गेले. आम्ही पळालो, मुक्काम केला, परत आलो आणि त्या लढाईत जिंकलो. त्यानंतर केव्हातरी तिनंच माझा शिक्षणसेवकाचा अर्ज भरून दिला.

या सगळ्या वर्षांत कुठलं लग्न, कुठलं बारसं असलं की वहिनी म्हणायची, "तुमी जा, माही बॅच हाये." ती आणि मी घरी. आई-दादा जायचे. मला वाटायचं, ही माझ्यासाठी थांबते. मला लोकांसमोर जावं लागू नये म्हणून स्वतःचं जाणं बुडवते. त्या उपकाराखाली मी वाकून गेले होते.

मग तिचा पोटाचा आजार निघाला. नागपूरच्या फेऱ्या झाल्या आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. क्लास केव्हाच बंद पडला होता. त्याच पुढच्या खोलीत तिची खाट टाकली. शेवटच्या रविवारी मी मोसंबी सोलत बसले होते. ती म्हणाली, "एक सांगू का? तू वापस आली ना, तवा मले बरं वाटलं होतं."

"कायले?"

"त्याच्या आंधी घरात कोनी आलं का मलेच पाहे. लग्नाले एवढे वर्सं झाले, पाळना काऊन नाई हालला? तू आली अन् सगळ्याइची नजर तुह्यावर गेली. मले विचारनंच सोडलं लोकाइनं. बारशाले मी तुह्यासाठी थांबत नव्हती व... मी तुह्या मांगं लपत होती. लाज वाटते मले."

"चहा करू का?" एवढंच मी विचारलं. ती हसली आणि डोळे मिटून पडली. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला.

तिच्या लाजेनं मी अजून शरमते. एका घरात, शेजारच्या खुर्च्यांवर, आम्ही दोघी बसलो. लाज फक्त माझ्याच वाट्याला आली आहे, असं धरून मी चालत होते. हिचं दुःख मला कधी दिसलंच नाही. आणि तिला वाटलं, माझी बेअब्रू तिच्या कामी आली हा तिचा गुन्हा. अगं, कुणाच्या तरी कामी आली, हे मला आधी कळलं असतं तर त्या स्टुलावर मी थोडी ताठ बसले असते...

वहिनीच्या नावानं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पुढची खोली भरली होती. वंदना झाली, भंतेजी बोलले, दोघाचौघांनी वहिनीला 'मनमिळाऊ' म्हटलं. मग गावाकडच्या एक काकू उसासा टाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एखादं लेकरू असतं त मांगं नाव राह्यलं असतं बिचारीचं."

दादानं मान खाली घातली. आई भिंतीकडे पाहू लागली. मी उभी राहिले.

"लेकरू नव्हतं, काकू," मी म्हटलं. "मी होती."

सगळ्यांची नजर माझ्यावर आली... ही तीच परत आलेली, हे प्रत्येकाच्या डोळ्यांत मला वाचता येत होतं. लाजेनं तोंड लाल झालं असणार. मागच्या खोलीचं दार दोन हातांवर होतं. मी खाली बसले, तिथंच, काकूंच्या अगदी समोर, आणि पंगत उठेपर्यंत लोकांना मला पाहू दिलं.