कैची काढली तेव्हा

महानंदाला उंचीची भीती होती. माळ्यावरचं पातेलं काढायचं तरी ती खाली उभी राहायची आणि नवऱ्याला वर चढवायची. आणि तिच्या पोटी आलेली पोरगी अशी, की जमिनीवर सापडेल तर शपथ. कधी बाभळीवर, कधी कडब्याच्या गंजीवर, तर एकदा थेट ग्रामपंचायतीच्या टाकीच्या शिडीवर. पोरीचा बाप मल्हार वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ असायचा, त्यामुळं शिवकन्याला खाली उतरवायचं काम एकट्या आईचं. महानंदा बेंबळीच्या हायस्कूलात कारकून होती. लग्न झाल्यावर बाहेरून बी.ए. केलेली. शाळेतल्या बाया म्हणायच्या, महानंदाबाई, तुम्ही पोरीला दाव्यानं बांधा.

शिवकन्या आठवीत असताना शाळेच्या गॅदरिंगला एक ऐतिहासिक नाटक बसलं. तिनं खताच्या गोण्या उसवून, शिवून, त्यावर चुना आणि गेरू फासून राजवाडा उभा केला. सगळ्यांनी वाहवा केली. फक्त मंडपवाला चाँदपाशा कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वाडा झ्याक केलास बेटा. पण ह्या दारातून राजा आत जाईल तो वाकून जाईल. मग त्याला मुजरा कोण करणार?"

पोरगी रडली नाही. तिनं रात्रीतून दार उसवलं आणि दीड हात उंच केलं. तेव्हापासून ती त्याला पाशामामा म्हणू लागली.

पंचक्रोशीतलं लग्न असो, उरूस असो की जयंती, स्टेज चाँदपाशाचंच. बांबू आणि काथ्याची दोरी, बाकी काही नाही. दोन उभ्या बांबूंमध्ये तो दोन तिरके बांबू एकमेकांवर आडवे घालून बांधायचा. त्याला तो कैची म्हणायचा. वाऱ्यानं सांगाडा एका अंगाला कलू नये म्हणून ती कैची. बांधून झालं की स्वतः वर चढायचा आणि धाडधाड उड्या मारायचा, मग खाली उतरून म्हणायचा, आता नवरदेवाला बसवा. त्याच्याकडून शिवकन्या गाठी शिकली, भार कसा उतरतो ते शिकली. महानंदा ऑफिसच्या खिडकीतून बघायची आणि तिचं टायपिंग चुकायचं.

बारावीनंतर शिवकन्यानं विद्यापीठात नाट्यशास्त्राला नाव घातलं. मल्हारला ते काय असतं हेच कळेना. नाचगाण्याचं शिक्षण घ्यायला संभाजीनगरला कशाला जायचं, असं तो म्हणाला. महानंदानं समजूत घातली, पण मनातून ती स्वतःच हादरलेली. पोरगी शिकली, पुण्याला गेली. प्रायोगिक नाटकांची नेपथ्यं करायला लागली. एका नाटकात तिनं अख्खा रंगमंच कडब्यानं भरला आणि नटांना त्यातून वाट काढत संवाद म्हणायला लावले. पेपरात फोटो आला. काम मोठं झालं की ती बेंबळीला फोन करायची, आणि चाँदपाशा पान थुंकून, पिशवीत लुंगी आणि कोयता घालून रातराणीनं निघायचा. पुण्यातले सुतार तिच्याशी वाद घालायचे. पाशामामा घालत नव्हता. तो फक्त नीट बांधायचा.

पुढं तिला नाटकं पुरेनाशी झाली. नट नसलेली, माणसानं आत शिरून अनुभवायची अशी मोठी मांडणी ती करू लागली. अठ्ठाविसाव्या वर्षी पुण्याच्या एका कलासंस्थेनं तिला अंगण दिलं. मेंढरं रात्री कोंडायला धनगर जी जाळी लावतात, ती वाघर, तिनं बापाकडून आणि भाऊबंदांकडून गोळा केली. बावीस फूट उंच बांबूच्या सांगाड्यावरून ती चहूबाजूंनी सोडायची, आणि बघायला आलेल्या माणसांनी मेंढरांसारखं आत कोंडून घ्यायचं, अशी कल्पना. वाघरीची गाठोडी घेऊन चाँदपाशा बसनं निघाला, तेव्हा महानंदाही त्याच्यासोबत गेली. लेकीचं एवढं मोठं काम तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तो फेब्रुवारी होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दिवे लावून बघितले, आणि शिवकन्याचा चेहरा उतरला. वरच्या कैच्यांच्या सावल्या जाळीवर फुल्यांसारख्या पडत होत्या. जाळी दिसेना, फुल्याच दिसत. तिनं पूर्वेकडच्या वरच्या दोन कैच्या काढायला सांगितल्या. संस्थेची चार माणसं, एक फोटोग्राफर, सगळे तिथंच उभे होते.

चाँदपाशा म्हणाला, "न्हाय बेटा. काढल्या की हे डुलाया लागंल."

"दोनच दिवस, मामा. परवा परत बांधू."

त्यानं वळून महानंदाकडं पाहिलं. ती हातात चहाचा कागदी कप धरून उभी होती. जन्मभर पोरीला "उतर, पडशील" म्हणणारी ही बाई, पण त्या क्षणी तिला वाटलं, एवढ्या लोकांत गावाकडच्या माणसानं आपल्या लेकीचं म्हणणं खोडलं तर कसं दिसेल. आणि ती म्हणाली, "ती शिकलीय त्यातलं, पाशाभाई."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर चाँदपाशानं कोयता पिशवीत घातला असता आणि बसस्टँड गाठला असता. आमदाराच्या सभेचं स्टेज त्यानं असंच अर्ध्यात सोडलं होतं. पण ही पोरगी त्याच्या हाताखाली वाढलेली, आणि तिच्या आईनंही होकार दिलेला. तो वर चढला आणि कैच्या सोडून खाली आला. त्या दिवशी त्यानं उड्या मारून बघितलं नाही.

सकाळी वारा सुटला होता. वाघर एका बाजूला घसरली, ती सारखी करायला तो वर गेला. महानंदा पायरीवर बसून केस विंचरत होती. सांगाडा आधी हळूच कलला, जणू कुणी वाकून बघतंय, आणि मग एकदम झोपला. आवाज फारसा झाला नाही. दवाखान्यात नेईपर्यंत चाँदपाशा गेला होता.

पोलीस आले तेव्हा शिवकन्या भिंतीला टेकून बसली होती, ओठ हलत होते पण शब्द फुटत नव्हता. जबाब आईनं दिला. तिनं सांगितलं, कैच्या त्यांनी स्वतःच्याच मनानं सोडल्या असतील, आम्हाला ठाऊक नव्हतं. हे बोलताना तिच्या डोळ्यापुढं एकच गोष्ट होती, पोरीच्या हातातल्या बेड्या. संस्थेच्या माणसांनी मान डोलावली. त्यांनाही तेच सोयीचं होतं. लिहून झालं, सही झाली. शिवकन्यानं आईकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

बेंबळीत दफन झालं. चाँदपाशाची बायको कुलसुमबी दारात बसली होती. तिनं महानंदाचा हात धरून विचारलं, शेवटी काय बोलले का काही. महानंदा म्हणाली, लेकरांची आठवण काढली. तेही खोटंच होतं.

पुढच्या वर्षभरात शिवकन्याचं नाव वाढलं. पण तिच्या कामात एक बदल झाला. गुडघ्याच्या वर ती काहीच उभं करेना. माती, राख, पसरलेली लोकर, सगळं भुईलगत. पेपरात एकानं लिहिलं की ही कलावंत मातीशी नातं जोडते आहे. महानंदानं ते कात्रण कापलं आणि कुणाला दाखवलं नाही. मग परदेशातल्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं. पोरगी फोनवर हो-नाही काहीच धड सांगेना.

आणि इकडं गावात चाँदपाशाचं नाव बुडत चाललं होतं. म्हाताऱ्यानं कैची न लावताच बांधलं, असं पुण्याहून आलं आणि चहाच्या टपरीवर पक्कं झालं. त्याचा मुलगा अक्रम तीच दोरी, तेच बांबू घेऊन दारोदार फिरे. लोक म्हणत, बघू. मुरुमच्या एका लग्नात त्याचा बांधून झालेला मंडप सोडायला लावला. मुलीच्या मामानं तोंडावर सांगितलं, तुझ्या बापाला स्वतःचा जीव सांभाळता आला नाही.

जानेवारीत गॅदरिंग आलं. त्या शाळेचं स्टेज पस्तीस वर्षं चाँदपाशानं बांधलं होतं. या वर्षी मुख्याध्यापक उमाशंकर सरांनी धाराशिवच्या लोखंडी पायपांच्या कंत्राटदाराला काम द्यायचं ठरवलं. अक्रमच्या अर्जाला नकाराचं पत्र टाइप करायचं होतं. ते महानंदानंच केलं. 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' असं सरांनी सांगितलं, तसं तिनं घातलं.

अक्रम पत्र घ्यायला आला. उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली. तो रागीट पोरगा नव्हता. शिवकन्या चाँदपाशाला मामा म्हणे, म्हणून हा तिच्या आईला आत्या म्हणे.

"आत्या, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही हुत्या तिथं. अब्बानं खरंच कैची लावली नव्हती?"

ऑफिसात शिपाई होता, दोन शिक्षक होते. महानंदाच्या तोंडून निघालं, "सरांची सही झालीय रे आता." अक्रमनं मान हलवली आणि तो गेला. शिपाई म्हणाला, बिचारा. महानंदाला उठवेना. दुपारची सुट्टी झाली, शाळा सुटली, तरी ती खुर्चीतच होती.

घरी येऊन तिनं शिवकन्याला फोन लावला, झालेलं सांगितलं आणि म्हणाली, आता खरं काय ते सांगून टाकू.

"आई, मी अकरा महिने वाट बघतेय तू हे कधी म्हणशील त्याची."

"मग तू का न्हाय बोललीस?"

"मी बोलले असते तर तू खोटी पडली असतीस. पोलिसात."

महानंदा म्हणाली की ये. पुढच्या एस.टी.नं ये.

दोघी कुलसुमबीच्या घरी गेल्या तेव्हा ती ज्वारी निवडत होती. अक्रम दाराशी दोरी भिजवत होता. शिवकन्यानं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मग महानंदानं आपलं सांगितलं, चहाच्या कपापासून जबाबापर्यंत. कुलसुमबीचा हात सुपात थांबला होता.

"त्यांनी न्हाय म्हटलं हुतं?" तिनं विचारलं.

"एकदा म्हटलं, मामी," शिवकन्या म्हणाली.

"एकदाच?"

"हो."

कुलसुमबीनं सूप बाजूला सारलं. म्हणाली, "माझं तर त्यांनी जल्मात एका दमात ऐकलं न्हाय. तुझं ऐकलं." तिच्या आवाजात राग होता की दुसरं काही, ते महानंदाला समजलं नाही. शिवकन्या पाया पडायला वाकली, तर म्हातारीनं पाय मागं घेतले. "मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच हुतं ते तसं बांधणार न्हाईत. ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगा. आन् जिथं लिवलंय तिथं खोडा."

गॅदरिंगच्या दिवशी लोखंडी स्टेजवर, बक्षीस समारंभाच्या आधी, शिवकन्यानं माइक मागून घेतला. प्रमुख पाहुणी म्हणून शाळेनं तिलाच बोलावलं होतं. तिनं पाच-सहा वाक्यांत सांगितलं की चूक तिची होती, चाँदपाशानं विरोध केला होता, आणि त्याच्या बांधणीत कधीच खोट नव्हती. पालकांमध्ये कुजबुज झाली. उमाशंकर सरांनी घाईघाईनं पुढचा कार्यक्रम पुकारला. अक्रम मागं उभा होता. तो टाळ्या वाजायच्या आधीच निघून गेला. कुणी वाजवल्याही नाहीत.

परदेशातल्या महोत्सवाला शिवकन्यानं स्वतःच नकार कळवला. संस्थेच्या वकिलाचं पत्र आलं, की त्यांना गोवू नये. मल्हार रानातून आला, सगळं ऐकलं आणि चुलीपुढं बसून राहिला. मग म्हणाला, पुण्याला जायचं ते दोघी जावा, मी मेंढरं सोडून येत न्हाय. पण सकाळी बसस्टँडवर त्यांच्याआधी तोच येऊन उभा होता.

पुण्याच्या पोलीस ठाण्यात शिवकन्या आत गेली. बाहेर बाकावर महानंदा आणि मल्हार बसले. तासाभरानं हवालदार बाहेर आला. हातातल्या जुन्या फाइलीवर बोट ठेवून त्यानं विचारलं, महानंदा मल्हार कोण. ती उठली.

"जबाब तुमचा हाय ना हा?"

"माझाच."

"मुलगी म्हणती, हे खरं न्हाय."

"ती बरोबर म्हणती," महानंदा म्हणाली. नवऱ्याच्या हातात पिशवी दिली आणि हवालदाराच्या मागं आत गेली.