लाल टॅगवरचा मोकळा रकाना

साहेबांनी लाल टॅग माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला बांधला. स्वतःच्या हातानं. सुतळी सापडेना म्हणून तार वापरली. तारेचं टोक गळ्याखाली टोचत होतं. समोर सगळी शिफ्ट उभी. टॅगवर छापलेलं होतं, 'रिजेक्शन'.

शिक्रापूरच्या पुढं आमचा कारखाना. गाड्यांचे सुटे भाग बनतात. मी तपासणीला. माप चुकलं, चरा पडला, की त्या भागाला लाल टॅग लावायचा. काय दोष आहे ते रकान्यात लिहायचं, खाली सही करायची. चार वर्षं हेच काम. माणसाला लावलेला टॅग मात्र मी पहिल्यांदा पाहिला, तो माझ्याच छातीवर.

नव्या साहेबांनी सोमवारची एक पद्धत सुरू केली होती. शिफ्टच्या सुरुवातीला फळ्यावर एक इंग्रजी शब्द. शेवटी 'शन' असलेलाच. प्रॉडक्शन, कॅलिब्रेशन, ऑपरेशन. बाहेरचे पाहुणे कारखाना बघायला येतात, त्यांच्यापुढं लाज जायला नको म्हणून. एकाला पुढं बोलवायचं, अर्थ विचारायचा. नाही आला तर शिफ्ट सुटेपर्यंत लाल टॅग. माझ्याआधीचे सगळे सुटले होते. साहेब याला मोटिव्हेशन म्हणायचे.

त्या सोमवारी शब्द होता इन्स्पेक्शन. रोजचं माझं काम. मी म्हणालो, "माल बराबर हाय का न्हाई, त्ये बघायचं." घाईत आमच्या गावची, खुटबावची बोली तोंडात आली. लोक हसले. साहेबांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेतलं आणि आडनाव वाचलं. सावकाश वाचलं. मग म्हणाले, "तुम्हा लोकांना अर्थसुद्धा सवलतीत पाहिजे का?"

कंपनीत कसली आलीय सवलत. आयटीआय करून, परीक्षा देऊन, कंत्राटदाराच्या दारात उभा राहून मी लागलेलो. हे साहेबांना माहीत होतं. मलाही बोलता आलं असतं. मी मान खाली घालून टॅग लावून घेतला.

राग आला नाही. खोटं कशाला सांगू? दाढ काढताना इंजेक्शन देतात तेव्हा गाल जसा आपला राहत नाही, तसं अंग झालं होतं. दुपारी कॅन्टीनमध्ये जेवलो. पोटभर जेवलो. टॅग वरणात बुडू नये म्हणून डाव्या हातानं धरून ठेवला होता. मी तो टॅग जपत होतो. हे आठवलं की आजही मला माझीच शिसारी येते.

गुरुवारी सुट्टीला घरी गेलो. बायकोनं विचारलं, गळ्याला काय खरचटलंय. मशीन लागलं म्हणालो.

मग दोनशे पानी वही आणली. शाळेत इंग्रजीच्या बाई सांगायच्या, 'शन' हे शेपूट लॅटिनमधून आलंय, क्रियेला जोडलं की क्रियेचं नाव तयार होतं. अशी नावं मी गोळा करत सुटलो. अ‍ॅडिशन म्हणजे बेरीज. सस्पेन्शन म्हणजे कामावरून तात्पुरतं दूर ठेवणं. ह्युमिलिएशन म्हणजे पानउतारा. तो शब्द लिहिला, समोर अर्थ लिहिला आणि पुढच्या ओळीवर गेलो. काही वाटलं नाही.

एका सोमवारी साहेबांनी फळ्यावर रिझर्व्हेशन लिहिलं आणि थेट माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी अर्थ सांगितला, जागा राखून ठेवणं. साहेब म्हणाले, हा बरा पाठ आहे तुमचा. लोक हसले. मीही हसलो. अर्थ बरोबर आला होता, त्यामुळं टॅग काही लागला नाही.

पुढं एकही शब्द मला अडेना. साहेब खूश झाले. म्हणाले, तुमचं कन्फर्मेशन वर पाठवतो. कन्फर्मेशन म्हणजे पक्कं होणं. कंत्राट संपणार, कंपनीचा माणूस होणार. यासाठीच चार वर्षं मान खाली घालून काढलेली. फक्त एक काम वाढलं. सोमवारचा शब्द यापुढं मी लिहायचा. टॅगही मीच लावायचा.

मी हो म्हणालो. सहा सोमवार लावले. बिहारच्या कामगारांना लावले, शिरूरच्या माणसांना लावले. तार टोचू नये म्हणून घरून सुतळी आणायचो. तेवढ्यावर स्वतःला भला माणूस समजत होतो.

सातव्या सोमवारी साहेबांनी आप्पांकडं बोट केलं. आप्पा भांडगावचे, धनगर. साठीला टेकलेले. तरुणपणी मेंढरांमागं फिरलेले, आता टॅग लावलेला माल ट्रॉलीत भरून भंगारखोलीत नेतात. फळ्यावर शब्द होता सेग्रिगेशन. चांगला माल एकीकडं, वाईट एकीकडं. आप्पा दिवसभर तेच करतात. या कामाला असं नाव आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ठाऊक नाही म्हणून मान हलवली. मी पुढं झालो आणि टॅग त्यांच्या बटणाला बांधला.

आप्पांनी टॅग उचलून डोळ्यांजवळ धरला. त्यांना वाचता येत नाही, पण कुठला रकाना कशाचा हे पाठ आहे. शांतपणे म्हणाले, "दोष लिव्ह की."

मला कळेना.

"दोषाचा रकाना मोकळा हाय. तसा माल भंगारखोलीत घेत न्हाईत, म्हागारी धाडत्यात. आम्ही मेंढराला रंग लावायचो, त्यालाबी कारण असायचं. माझा काय दोष हाय त्यो लिव्ह, आन् खाली सही कर."

टोमणा नव्हता तो. कामात चूक राहिली, ती दुरुस्त करायला सांगत होते. मी खिशातून पेन काढलं. रकान्यावर टेकवलं. काय लिहू? म्हातारा? अडाणी? माझ्या टॅगवर साहेबांना काय लिहावं लागलं असतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं. तोही रकाना मोकळाच होता. खाली सही नव्हती. मी दिवसभर तो छातीवर वागवला आणि माझा दोष काय म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. पेन परत खिशात ठेवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दुखत होतं. आप्पांसमोर उभं राहायची लाज वाटली.

मी सुतळी सोडली.

"साहेब, दोष घावला न्हाई. टॅग लागणार न्हाई." आपल्या बोलीत बोललो. मुद्दाम.

"मग कन्फर्मेशन विसरा."

टॅगांचा गठ्ठा टेबलावर ठेवून मी जागेवर गेलो. आप्पा ट्रॉलीकडं गेले.

बुधवारी ऑफिसात बोलावलं. कागद तयार होता, माझ्या नावानं इंग्रजीत टाइप केलेला. वर शब्द, रेझिग्नेशन. घरगुती अडचणीमुळं स्वखुशीनं काम सोडत आहे, असा मजकूर. साहेब गोड बोलले. सही करा, अनुभवाचं पत्र चांगलं देतो, दुसरीकडं लागाल. मी कागद शेवटपर्यंत वाचला. आता मला वाचायला कुणी लागत नाही.

वहीत दोन शब्द शेजारीशेजारी आहेत. रेझिग्नेशन आणि टर्मिनेशन. शेपूट एकच. दोन्हींत मी गेटबाहेर. एकात मी गेलो, दुसऱ्यात त्यांनी घालवलं. त्यांना घालवायचंय, आणि ते माझ्या हातानं लिहून हवंय.

कागद तसाच सरकवला. त्यानंतर रोज सकाळी सातला मी मशीनवर उभा असतो. साहेब रोज विचारतात, केली का सही? मी नाही म्हणतो. घरी बायकोला सगळं खरं सांगितलंय, टॅगासकट. काम जाईल, हे तिलाही माहीत आहे. जाऊ दे. पण राजीनामा मी लिहिणार नाही. काढायचं असेल तर साहेबांनी काढावं, का काढलं ते कागदावर लिहावं आणि खाली स्वतःची सही करावी.